नैरोबीत मक्याचे पीठ महागते तेव्हा

नोकरीनिमित्त नैरोबीत राहताना मला बीड-लातूरकडची एक गोष्ट फार लवकर ओळखीची वाटली : महागाईत गरिबाचा खर्च कोणत्या क्रमाने आटत जातो, ती. आपल्याकडे भाकरीचे जे स्थान, ते येथे उगालीचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्याचे. २०२२ मध्ये पूर्व आफ्रिकेत पावसाचे हंगाम लागोपाठ कोरडे गेले, त्यातच युक्रेनमधील युद्धामुळे गहू, खाद्यतेल आणि खते महागली, आणि जुलैपर्यंत पिठाचे दोन किलोंचे पाकीट २०० शिलिंगांच्या पुढे गेले. सरकारने अनुदान देऊन ते १०० वर आणले खरे, पण ती सवलत काही आठवडेच टिकली. पुढे चलनच घसरले. २०२४ च्या जानेवारीत एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग पडू लागले.

नैरोबीतील किबेरा या गरीब वस्तीत पूर्ण पाकीट घेणारे थोडेच. सुटे पीठ, मापाने ओतून घेतलेले थोडेसे तेल, दोन टोमॅटो अशी रोजच्या मजुरीतून रोजची खरेदी चालते आणि सुटे घेणाऱ्यालाच बहुधा किलोमागे जास्त मोजावे लागते. आधी दूध बंद होते, मग भाजी. नंतर मुलांची फी थकते, औषध लांबणीवर पडते. घरातील बाई सर्वांत शेवटी आणि उरेल तेवढेच जेवते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यात हीच वाट ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपर्यंत, म्हणजे आगाऊ रकमेपर्यंत जाते. भाव कालांतराने उतरतात. मात्र विकलेली शेळी, मोडलेले डोरले आणि सुटलेली शाळा त्यांच्याबरोबर परत येत नाही. म्हणूनच बाजारभाव पूर्ववत झाले की संकट सरले, असे मानणे मला मुळीच पटत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांनी रेशनची मिलो ज्वारी खाल्ली, दुष्काळी कामांवर खडी फोडली, आणि त्या अनुभवातूनच १९७७ मध्ये राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला. केनियात सत्तरीपुढील गरजू वृद्धांना सरकार महिन्याला २,००० शिलिंग देते. चांगलीच योजना आहे, परंतु रक्कम ठरलेली असल्याने २०२२ च्या त्या जुलैत तिच्यात पिठाची दहा पाकिटेही बसत नव्हती. आपल्या संजय गांधी निराधार योजनेचे अनुदानही असेच ठरावीक असते आणि शासननिर्णय होईपर्यंत वाढत नाही. दोन्हीकडे ही रक्कम धान्याच्या भावाशी कायद्याने जोडली गेली पाहिजे, म्हणजे भाव चढल्यावर निराधारांना मंत्रालयाच्या निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.