शिंगांचा हिशेब लागत नाही

सिडनीत मी जीवाश्म साफ करते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेच्या लॉर्ड हाउ बेटावरच्या मिओलेनिया या नामशेष शिंगवाल्या कासवाची हाडं प्रवाळ-शिंपल्यांच्या वाळूच्या खडकात रुतलेली असतात. एअर स्क्राइबची, म्हणजे हवेच्या दाबावर थरथरणाऱ्या बारीक हत्याराची, सुई टेकवायची, चिमूटभर खडक उडवायचा. आवाज बदलला की हाड लागलं. भेग दिसली की ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड, हाड घट्ट करणारं प्लास्टिक, थेंबाथेंबानं मुरवायचं आणि गप्प बसायचं. शेपटीभोवतीची हाडाची कडी मोकळी करण्यात तर आठवडे जातात. ते कुणाला दिसत नाही, दिसते ती कवटी.

परवा प्रदर्शन विभागाची डिझायनर आली. म्हणाली, मॉडेलचं डोकं कवचात ओढलेलं दाखवू, मुलांना गोड वाटेल. या विभागाला सगळंच गोड हवं असतं. मी कवटीची थ्रीडी छापील प्रतिकृती कवचाच्या मॉडेलला लावून दाखवली. शिंगं दोन्ही बाजूंना आडवी जातात, आत शिरणार कशी? रिचर्ड ओवेनसारख्या नामांकित जीवाश्मतज्ज्ञानं 1886 मध्ये याला सरडा ठरवलं होतं. कासव आहे हे पुढच्या वर्षी जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलीनं सांगितलं. तेव्हा तिला काय बोलणार!

तिनं लगेच फलकाचं वाक्य बदललं: ‘शिंगं शत्रूंपासून बचावासाठी.’

मी विचारलं, कुठला शत्रू?

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या, क्वीन्सलंडच्या निंजेमिस या नात्यातल्या कासवाला शिंगं होती, हे समजतं. तिथं महाकाय घोरपडी होत्या, मांसाहारी मार्सुपियल, म्हणजे पिशवीवाले सस्तन प्राणी, होते. पण लॉर्ड हाउ हे समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं बेट, मुख्य भूमीला कधीच न जोडलेलं. याला खाईल असं जनावर तिथं मिळालेलं नाही. शिंगं पूर्वजांकडून आली हे खरं, दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियातल्या कितीतरी जुन्या निओलामिया या नात्यातल्या कासवालाही ती होती. पण एवढं ओझं इथं टिकलं का? पॅसिफिकमधल्या वानुआटूच्या एफाते बेटावर याच कुळातली मानलेली हाडं सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या माणसांच्या उकिरड्यात सापडली, त्यात बहुतेक पायांची. माणसांपुढे शिंगं काही कामी आली नाहीत.

‘लोकांना उत्तर हवं असतं,’ ती म्हणाली. फलक अजून अडलाय.

मला नरांची आपसातली झुंज जास्त पटते. लॉर्ड हाउच्या कवट्यांवरची शिंगं एकसारखी नसतातच, काही लांब, काही बुटकी. पण तो फरक नर-मादीचा की वयाचा, हे कवटी हातात धरून मला सांगता येत नाही.