कारण फक्त जरीचं नाही

पैठणीची जरी मानेला टोचते, हे खरंच आहे. परकराची नाडी, ब्लाउजच्या अस्तराची शिवण, टिकलीचा गोंद हे सगळं मला दिवसभर जाणवत राहतं. मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे माझ्या मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी आहे. निदान तिशी उलटल्यावर झालं आणि तेव्हापासून घरच्यांना एक सोयीचं कारण मिळालंय. हळदीकुंकवाला मी शर्ट-पँट घालून गेले की आई बायकांना सांगते, "तिच्या अंगाला सोसत नाही हो." आत्यासुद्धा आता "पोरासारखी काय राहतेस" म्हणायची थांबलीय.

आई माझी बाजू घेते, ते मला मोलाचं वाटतं. पण उद्या कुणी मऊसूत मलमलची, बिनकाठाची साडी आणून दिली तरी मी शर्टच घालणार. बाबांचा जुना हाफ शर्ट, कॉलरचं लेबल उसवलेला. तो घातला की आरशात मी मला ओळखू येते. त्याला लक्षण म्हणू नका.

डॉक्टरांनी तरी काय वेगळं केलं? 1943 साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमबद्दल लिहिताना वर्णन केलेल्या 11 मुलांत 8 मुलगे होते. पुढच्याच वर्षी बालरोगतज्ज्ञ हान्स अॅस्पर्गर यांनी या स्वभावाला पुरुषी बुद्धीचं टोकाचं रूप म्हटलं, आणि 2002 मध्ये मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांनी ऑटिस्टिक मेंदू म्हणजे ‘टोकाचा पुरुषी मेंदू’ हा सिद्धांत मांडला. मला तो पटत नाही. माझी एक ऑटिस्टिक मैत्रीण रोज काजळ घालते, झुमके घालते, हातभर काचेच्या बांगड्या भरते. त्यांच्या किणकिणीने तिला शांत वाटतं. त्याच आवाजाने मला खोलीबाहेर जावं लागतं. दोघींचं निदान एकच.

आमच्या ओळखीतला एक ऑटिस्टिक मुलगा नखांना निळं नेलपॉलिश लावतो. घरात त्याच्यासमोरच बोललं जातं, "त्याला कळत नाही, म्हणून लावतो." याचा मला फार राग येतो. 2020 मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात दिसलं, की ट्रान्स आणि लिंगओळख वेगळी असलेल्या लोकांमध्ये ऑटिझमचं प्रमाण इतरांच्या तीन ते सहा पट आहे. कशामुळे, याची उत्तरं अनेक दिली जातात. पण "बिचाऱ्यांना समजत नाही" असा अर्थ त्यातून काढणं अन्याय आहे.

त्याचे वडील मलाच फोन करून विचारतात, "हे त्याला खरंच हवंय का?" काका, त्यालाच विचारा ना. बोलायला जड गेलं तर तो लिहून देतो, आणि अगदी सविस्तर देतो.