साल दोन्हीकडे १९७१च

मामा गेल्यावर त्याच्या शुक्रवार पेठेतल्या खोलीतली पुस्तकं माझ्याकडे आली. त्यात कोल्हापुरातल्याच एका छोट्या प्रकाशनाचे नऊ कवितासंग्रह निघाले. दोन-चार कवींनी पदरमोड करून चालवलेलं, केव्हाच बंद पडलेलं हे प्रकाशन. कवी अरुण कोलटकर मूळचे इथले. त्यांनी तीन कविमित्रांबरोबर मुंबईत चालवलेल्या ‘क्लिअरिंग हाऊस’ या प्रकाशनाचं नाव आणि त्यांचा १९७६चा संग्रह ‘जेजुरी’ वाचणाऱ्यांना माहीत असतो. आमच्या या प्रकाशनाची साधी यादीही माझ्या पाहण्यात नाही, याचं फार वाईट वाटलं. म्हणून मीच करायला बसलो.

एका संग्रहाच्या दोन प्रती होत्या. दोन्हींवर ‘प्रथमावृत्ती १९७१’. त्यातली स्वच्छ, घट्ट बांधणीची प्रत मी पहिली म्हणून लिहून टाकली. रात्री प्रकाशकाचा पत्ता उतरवून घेताना हात थांबला : ‘कोल्हापूर ४१६ ००२’. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. मग १९७१च्या पुस्तकात तो आला कुठून? कसर लागलेल्या प्रतीत नुसतंच ‘कोल्हापूर’. मुद्रकाचं नाव-ठिकाण छापायची सक्ती तेव्हा १८६७च्या कायद्यानं होती, म्हणून तेही ताडून पाहिलं. दोन प्रती, दोन वेगळे छापखाने.

तरी मनाची खात्री होईना. गल्लीतले एक काका आयुष्यभर छापखान्यात अक्षरं जुळवणारे कंपोझिटर होते. त्यांच्यापुढे दोन्ही प्रती ठेवल्या.

“आरं, साल काय बघत बसलायस? सालाची वळ कुणीबी हाय तशी लावतंय. कविता बघ.”

बारक्या छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, मोजकेच असायचे. एक फर्मा, म्हणजे एका वेळी छापायची पानं, छापून झाला की खिळे सोडवून पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, मगच पुढची जुळणी. म्हणजे पुन्हा छापायचं तर अख्खं पुस्तक नव्यानं जुळवावं लागे. तेविसाव्या पानावर काकांनी बोट ठेवलं. जुन्या प्रतीत ‘पाउस’, ‘ळ’चा पाय तुटलेला. नव्या प्रतीत ‘पाऊस’, ‘ळ’ धड, आणि तिसरी ओळ एक शब्द आधीच मोडलेली. पानाच्या पाठीवर बोट फिरवलं तर खिळ्यांचा उठाव दोन्हीकडे लागत होता, त्यामुळे नुसतं चाचपून हे कळलंच नसतं.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी पट्टी लावून ओळ न् ओळ पाहिली. कविता इतक्या सावकाश मी आधी कधीच वाचल्या नव्हत्या.

एका संग्रहावर बारा रुपयांची चिठ्ठी होती, म्हणून तो मी नंतरच्या छपाईत टाकला होता. पान दिव्यासमोर धरलं, तर चिठ्ठीखाली छापील किंमत दिसली : ३ रुपये. पहिल्याच छपाईच्या न खपलेल्या प्रतींवर वर्षांनी नवी किंमत डकवलेली. यादीतली ती नोंद खोडली आणि पुन्हा लिहिली.