समुद्राकाठचा रस्ता सपाट नसतो : वांद्रे ते लोटली, हॉस्पिससाठी सायकलवरून

मुंबईहून किनाऱ्याने गोव्याला सायकल नेतो म्हटलं की कोणी ना कोणी सांगतंच, "समुद्राकाठचा रस्ता आहे, घाटबिट काही नाही, आरामात जाल." आम्हाला हे सांगणाऱ्याने आमच्यासमोर नकाशा पसरून एकेक गाव दाखवलं होतं. हा रस्ता त्याने मोटारसायकलवरून केला होता, हे आम्हाला परत आल्यावर कळलं. ज्यांना यापुढे जायचंय त्यांनी एवढं पक्कं धरावं: कोकणची किनारपट्टी सायकलस्वारासाठी खंबाटकीपेक्षा अवघड आहे. घाट एकदा चढला की संपतो. इथे प्रत्येक खाडीला जेट्टीपर्यंत खाली उतरायचं आणि पलीकडे पुन्हा शंभर-दीडशे मीटर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढायचं. रेवदंडा ते तेरेखोल हा खेळ थांबतच नाही. अंतर फाटे धरून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास होतं, पण पाय अंतराने जात नाहीत, चढांनी जातात.

आम्ही निघालो होतो हॉस्पिससाठी, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांना अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या ठिकाणासाठी, देणग्या गोळा करायला. हाच मार्ग का, तर त्याच्या दोन टोकांमुळे. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे, १९८६ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्यांचंच एक केंद्र गोव्यात लोटलीला आहे. कर्करोगाचे जे रुग्ण बरे होण्यापलीकडे गेले आहेत त्यांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. वांद्र्याहून निघायचं आणि लोटलीला पोचायचं, असं ठरलं आणि मग दुसरा मार्ग डोक्यातच आला नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (वाहनं नेणाऱ्या बोटीने) मांडवा, तिथून अलिबाग, काशीद, मुरूड, आगरदांड्याची फेरीबोट, दिवेआगर, शेखाडीचा किनारा, हरिहरेश्वर. इथवर सगळं उत्तम. यावर लिहिण्यासारखं मला काही नाही, फोटो सगळ्यांकडे आहेतच.

खरा विषय केळशी ते आंजर्ले.

बागमांडल्याहून फेरीने वेश्वीला उतरलात की दापोली-मंडणगडची भूमी सुरू होते. केळशीपर्यंत माणूस तग धरतो. त्यानंतर उटंबर, आडे, पाडले असं करत आंजर्ल्याला जायचं. या तुकड्यात सलग पाच मिनिटं सपाट चालवल्याचं मला आठवत नाही. चढ असे उभे की पुढचं चाक उचलतं, आणि उतार असे की ब्रेक सोडायची सोय नाही, कारण वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली. आम्ही गेलो तेव्हा मधला रस्ता उखडलेला होता. डांबर निघून खालचे दगड वर आले होते आणि लाल धूळ साखळीत जाऊन गिअर बदलताना कुरकुर चालली होती. आमच्यातल्या दोघांनी तिथे सायकली ढकलत नेल्या, आणि ते दोघेही एरवी दिवसाला दीडशे किलोमीटर सहज मारणारे.

त्यात वेळ दुपारची. कोकणात एक ते चार दुकानं बंद असतात. हे मुंबईकराला तोंडी माहीत असतं, पण बाटली रिकामी झाल्यावरच पटतं. आड्याच्या अलीकडे एका घरासमोर आम्ही थांबलो. पडवीत आजी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता आधी तांब्या पुढे केला, मग कोकमाचं सरबत करून आणलं. पाठीवरच्या कापडी फलकावर काय लिहिलंय, हे त्यांनी नातवाकडून वाचून घेतलं. "शेवटच्या आजारातली माणसं सांभाळतात होय? आमच्याकडचे गेले ते ओरडत गेले," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन पन्नासची नोट घेऊन आल्या. मी खूप नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

आता टेम्पोबद्दल. सायकलींच्या मागे राहील, पंप, ट्यूब, पाणी आणि प्रथमोपचार सोबत ठेवील, असं ठरवून आम्ही पैसे मोजून टेम्पो घेतला होता. वेश्वीनंतर चालकाने "हा रस्ता गाडीला चांगला नाही" म्हणत मंडणगडवरून थेट दापोली गाठली आणि आमची वाट बघत बसला. उटंबरच्या चढावर एकाचा टायर बाजूने फाटला तेव्हा सगळं सामान दापोलीत. एक नोट दुमडून फाटलेल्या जागी टायरच्या आत लावली आणि तसंच आंजर्ल्यापर्यंत रेटलं. संध्याकाळी वाद झाला, पैसे कापून द्यायला तो तयार नव्हता. माझं स्पष्ट मत सांगतो: टेम्पो घेऊ नका. दोन ट्यूब, टायरचा तुकडा, साखळीचं हत्यार आणि तीन लिटर पाणी प्रत्येकाने स्वतःच्या सायकलवर बाळगा. घ्यायचाच असेल तर प्रत्येक मुक्कामाचा मार्ग गावांची नावं घालून लिहून घ्या आणि निम्मे पैसे लोटलीला पोचल्यावरच द्या.

मागच्या गिअरमधलं सर्वांत मोठं चक्र ३२ दातांचं तरी हवं, ३४ असेल तर उत्तम. २५ मिमीचे टायर या रस्त्यावर वेडेपणा आहे, ३२ लावा. डिस्क ब्रेक नसतील तर निघण्याआधी पॅड नवे घाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतच जा, ऑक्टोबरचं ऊन या सड्यांवर सहन होत नाही. केळशीहून सकाळी उजाडताच निघून दुकानं बंद व्हायच्या आत हर्णै गाठायचं, यात तडजोड नको.

दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, तवसाळ-जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी: छान. पावस ते जैतापूर चढ आहेत, पण रस्ता चांगला. देवगडच्या पुढे पाय आपोआप लयीला लागतात. एका जेट्टीवर आमच्याकडून प्रत्येक सायकलला मोटारसायकलचं तिकीट मागितलं. दरफलकावर सायकलचा वेगळा आणि बराच कमी दर होता. फलकाकडे बोट दाखवल्यावर मुकाट्याने बरोबर तिकीट फाडलं. प्रत्येक जेट्टीवर आधी फलक वाचा. तेरेखोलला ओहोटी असेल तर फेरीबोटीची वाट बघत बसावं लागतं. थांबायचं नसेल तर आरोंदा-किरणपाणी पुलावरून गोव्यात उतरा.

पैशाबद्दल मी रस्त्यापेक्षा जास्त कडक आहे. राहणं, जेवण, फेरी, टेम्पो, टीशर्ट, सगळं स्वतःच्या खिशातून. देणगीदाराचा एक रुपयाही आपल्या प्रवासावर जाता कामा नये. काही ठिकाणी 'नोंदणी शुल्क' घेतात आणि त्यातलं किती रुग्णापर्यंत पोचलं याचा हिशेब मिळत नाही. अशा राइडला जाऊ नका, मग ती कितीही थाटाची असो. देणगी संस्थेच्या खात्यात थेट जाऊ द्या, तुमच्या गुगल पेवर घेऊ नका. करसवलतीची (८०जीची) पावती संस्थेच्याच नावाने मिळायला हवी. दोन हजारांच्या वरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत मिळतच नाही. हे आधीच सांगून टाकलं की नंतर तोंड लपवावं लागत नाही. परदेशातल्या नातेवाइकांचं वेगळं आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर नेहमीच्या बँकव्यवहाराने देता येतं. पासपोर्ट अमेरिकेचा झाला असेल तर ती परदेशी देणगी ठरते, मग माणूस जन्माने सांगलीचा का असेना. संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असेल तरच ती घेता येते, आणि तीही त्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या खात्यातच. आमच्या एका मित्राच्या बहिणीची मोठी रक्कम यात महिनाभर अडकली होती.

लोक विचारतात, तिथे पैसा लागतो कशाला, औषधं तर थोडीच असतात. आमच्यासोबत घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या एक परिचारिका सायकल चालवत होत्या. त्यांनी मालवणच्या मुक्कामी जे सांगितलं तेच मी आता सगळ्यांना सांगतो. मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदना शमवणारी, गोळी महाग नसते. महाग असतं ते माणूस आणि गाडी. दिवसाला चार-पाच घरं, प्रत्येक घरी तासभर. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून त्यावर भुरभुरायची. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून हवेची गादी लावायची. पोटात गोळी टिकत नसेल तर कातडीखाली बारीक सुई बसवून मुलाला किंवा सुनेला औषध सोडायला शिकवायचं. रात्री दोनला फोन आला तर उचलायचा. आणि मॉर्फिन सगळीकडे मिळतही नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने कित्येक वर्षं दुकानं आणि रुग्णालयं ते ठेवतच नव्हती. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, तरी लहान गावात आजही ते शोधत फिरावं लागतं. उटंबरच्या चढावर शिव्या घालत होतो तेव्हा हे ऐकलेलं असतं तर बरं झालं असतं. निघण्याच्या आदल्या रात्री तुमच्या गटाला अशा कोणाकडून हे ऐकवा.

शेवटच्या दिवशी पणजीहून जुना गोवा, फोंडा, बोरीचा पूल असं लोटलीला जा. थोडं लांब पडतं, पण महामार्गावरच्या ट्रकांपेक्षा शंभर पटीने बरं. केंद्रात घोळक्याने, घोषणा देत शिरू नका. आत माणसं झोपलेली असतात, कोणाचे नातेवाईक निरोप घेत असतात. आधी फोन करून वेळ विचारा, दोघांनी आत जावं, बाकीच्यांनी गावात चहा घ्यावा. रुग्णांसोबत फोटो अजिबात नको. तुमच्या देणगीदारांना पोचल्याचा पुरावा हवाच असेल तर पावतीचा फोटो पाठवा.

परतीला मडगाव स्टेशन जवळ आहे. सायकल पार्सल कार्यालयात नोंदवावी लागते, गाडीच्या निदान दोन तास आधी पोचा आणि ती आपल्याच गाडीत चढतेय ना हे डोळ्यांनी बघा. आमच्यातले तिघे खाजगी बसने आले. डिक्कीत सायकल ठेवायला तिकिटाच्या निम्मे पैसे मागितले, घासाघीस केल्यावर तीनशेवर आले. बसने जाणार असाल तर तिकीट काढण्याआधीच सायकलचा दर ठरवून घ्या, सामान चढल्यावर कोणी ऐकत नाही.