तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रॅपलचं ड्रॉइंग मी का देत नाही

ग्रॅपल म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या उचलणाऱ्या आर्मना (लोडरला) लावायचा, ओंडके धरणारा लोखंडी पंजा. मी बनवलेल्या ग्रॅपलचा फोटो टाकला रे टाकला की मेसेज सुरू होतात, भाऊ ड्रॉइंग पाठवा ना. नाही म्हटलं की "विकणार आहात का?", आणि त्यालाही नाही म्हटलं की मग थोडा घुश्शातच "एवढं काय आहे त्यात, चार दात आणि एक सिलिंडर". अहो तेवढंच आहे, मग बनवा की! आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच चिकटवेन.

लपवण्यासारखं काहीच नाहीये. दात 10 मिमी प्लेटचे, वरचा जबडा एकच आणि तोही अरुंद, हायड्रॉलिक सिलिंडर 50 मिमी बोअर (आतला व्यास) 200 मिमी स्ट्रोक (दांड्याची चाल), पिना 25 मिमी, बुश आणि ग्रीस निपल सगळीकडे. क्विक अटॅचची, म्हणजे ग्रॅपल लोडरला झटकन अडकवायची, प्लेट तयार आणली, ती घरी करायच्या फंदात पडू नका, लांब वेल्ड मारला की थंड होताना प्लेट ओढली जाते आणि लॅच बसत नाही. व्हॉल्व्ह डायव्हर्टर टाइपचा, म्हणजे बटण दाबून धरलं की बकेटच्या कर्लचं (बकेट वर-खाली वळवायचं) तेल ग्रॅपलला जातं, कर्ल आणि पकड एकाच वेळी होत नाही. मला चालतं. तुम्हाला चालत नसेल तर थर्ड फंक्शन (ग्रॅपलसाठी वेगळा व्हॉल्व्ह) घ्या, त्यावर वाद नको.

बघा, मापं दिली की सगळी. तरी ड्रॉइंग देत नाही, कारण ड्रॉइंगमध्ये ट्रॅक्टर नसतो.

माझा लोडर पिनपाशी, म्हणजे आर्मच्या टोकाला जिथे ग्रॅपल अडकतो तिथे, 500 किलो उचलतो, आणि पिनच्या अर्धा मीटर पुढे 400 च्या आसपास. ओंडका पिनपाशी कधीच नसतो, तो पुढेच असतो. त्या 400 मधून ग्रॅपलचं स्वतःचं वजन जातं. माझा 140 किलोचा आहे. जे उरलं त्यात ओंडका, आणि तेही मागे थ्री पॉइंटला (अवजारं जोडतात तिथे) वजन लावलं असेल तरच, नाहीतर मागची चाकं हलकी होतात आणि सगळा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर. म्हणजे तुम्ही ग्रॅपलला जेवढं लोखंड घालाल तेवढं लाकूड कमी उचलणार. हे सांगितलं की लोक हो हो म्हणतात आणि पुढचा प्रश्न विचारतात, मग 12 मिमी घेऊ का 16?

तर आता तो किस्सा. एकदा दिलं होतं मी ड्रॉइंग. जवळचा दोस्त, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्याने माझ्या 10 मिमीच्या जागी 16 मिमी घेतली, सिलिंडर 63 बोअरचा टाकला, जबड्याला दोन्ही बाजूंनी गसेट (मजबुतीचे त्रिकोणी तुकडे) मारले. बनवला सुंदर, वेल्ड तर माझ्यापेक्षा चांगले, खोटं कशाला बोलू. 170 बार दाबाला 50 बोअरचा सिलिंडर साधारण 3.4 टन ढकलतो, 63 चा जातो 5.4 टनांवर. जबड्याच्या टोकाला त्यातलं बरंच कमी पोचतं, माझ्याकडे सिलिंडरचा जोर पिव्हटपासून 15 सेंमीवर लागतो आणि टोक 60 वर आहे म्हणजे चौथा हिस्सा, आणि जबडा फिरतो तसं हेही बदलतं. पण त्याला आकडा आवडला होता.

पहिल्याच आठवड्यात त्याने तो ग्रॅपल जमिनीतल्या झाडाच्या बुडख्याला लावला. एका कोपऱ्यातला दात मुळाखाली गेला, वरून जबडा आवळला, उचलून बघितलं हलेना, मग त्याने ट्रॅक्टर रिव्हर्सला टाकला आणि मागे घेताना स्टिअरिंग वळवलं. मी गेलो तेव्हा ट्रॅक्टर तसाच उभा होता. ग्रॅपलला ओरखडा नाही. उजवा आर्म बाहेरच्या बाजूला वाकलेला, नुसत्या डोळ्यांना दिसत होता, तरी आम्ही टेप लावला, डावीकडच्या मागच्या पिनपासून उजवीकडच्या पुढच्या पिनपर्यंत आणि मग उलटं. दोन मापं जुळायला हवीत. टेपचं एक टोक त्याने धरलं होतं आणि मी आकडा वाचत होतो तेव्हा तो टेपकडे बघतच नव्हता.

आणि ग्रॅपल निघेना. आर्म पिळल्यामुळे लॅचच्या पिना भोकात तिरक्या बसलेल्या, हँडल तसूभर हलत नव्हतं. खालून जॅक लावून भार काढला, पितळेचा तुकडा मध्ये धरून हातोडा मारला, एक पीन सुटली, दुसरी नाही. शेवटी त्यानेच ग्राइंडर घेतला आणि स्वतःच्या नव्या कोऱ्या ग्रॅपलची प्लेट पिनेच्या बाजूने कापली, रंग जळून फोड येत होते. कापून झाल्यावर म्हणाला, "तुझ्या ड्रॉइंगमध्येच गडबड आहे."

त्यावर मी बरंच बोललो. माझं ड्रॉइंग 10 चं होतं, सिलिंडर तू बदललास, बुडखे ओढायला ग्रॅपल नसतोच, त्याचं काम सुटं झालेलं उचलणं. सगळं खरं. तो म्हणाला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) आहे ना ट्रॅक्टरला! हा प्रश्न तुमच्यातलेही बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, मेन रिलीफ पंपाचं प्रेशर सांभाळतो. लिव्हर न्यूट्रलला असली की सिलिंडरमधलं तेल कोंडलेलं असतं आणि मग ट्रॅक्टरच्या चाकांनी ओढलेला जोर सरळ लोखंडात जातो, बऱ्याच छोट्या लोडरना तिथे वेगळा रिलीफ नसतो. त्यात एका कोपऱ्यावर ओढलं की दोन आर्मनी वाटून घ्यायचा भार एकाच आर्मवर. कुठेतरी काहीतरी वाकणारच होतं. ग्रॅपल वाकला नाही म्हणून आर्म वाकला.

माझा वाकलाय, बरं का. त्याच्या आधीच, वरचा जबडा, असाच एका बाजूने अडकून तिरका झाला होता. काढला, तापवून सरळ केला, परत लावला. त्यामुळे मी आता सगळ्यांना ऐटीत सांगतो की जबडा मुद्दाम कमजोर ठेवलाय, फ्यूजसारखा, आधी तो जाईल मग आर्म. ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. पण ते मुद्दाम होतं का? हातात 10 ची प्लेट होती म्हणून 10 ची वापरली आणि कारण मागाहून चिकटवलं, असं दोस्त म्हणतो. मला खरंच आठवत नाही. वजनाचा हिशोब आधी केला होता एवढं नक्की, वहीत आहे. फ्यूजचं वहीत कुठेच नाही.

आणि ड्रॉइंगवर "जाडी वाढवू नये" असं लिहिलं असतं तर त्याने ऐकलं असतं का? कधी वाटतं ऐकलं असतं. कधी वाटतं, कमी जाडीचं बघून कुणालाही हेच वाटणार की बनवणाऱ्याने काटकसर केलीय, आपण मजबूत करू. मीसुद्धा दुसऱ्याचं बघून तेच केलं असतं. फुकट दिलेल्या कागदाची जबाबदारी माझी का, हाही प्रश्न आहेच, आणि तो मी स्वतःला विचारला की उत्तर दर वेळी वेगळं येतं.

म्हणून मला ड्रॉइंग मागू नका, आकडे पाठवा. लोडर पिनपाशी किती उचलतो, अर्धा मीटर पुढे किती, पंपाचं प्रेशर आणि फ्लो, मागे किती वजन लावता, आणि नक्की काय उचलायचंय. फ्लो कशाला, असं विचाराल. मिनिटाला 20 लिटर तेल आलं तर माझा सिलिंडर सव्वा सेकंदात पूर्ण बाहेर येतो, मध्ये बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर टाकला नाही तर जबडा असा आपटतो की शेजारी उभं राहायची हिंमत होत नाही. आणि होज गळतेय का हे हाताने चाचपून बघू नका, पुठ्ठा फिरवा. बारीक धारेचं तेल कातडीच्या आत घुसतं, वरून नुसता ठिपका दिसतो आणि आत हात सडतो. तसं काही झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल.

असे आकडे आजवर फार थोड्यांनी पाठवले. बाकीचे म्हणतात भाव खातोय. खातोय म्हणा.

दोस्ताचा लोडर नवीन आर्म बसवून परत आलाय. परवा त्याचा फोन, कापलेली प्लेट बदलतोय, जबडाही नवीन करतो म्हणतोय, "आता सांग, किती जाडी घेऊ?" त्याचा लोडर माझ्यापेक्षा मोठा आहे, 10 त्याला कमी पडेल की नाही हे मी आकडेमोड करून बघतोय, अजून त्याला काही कळवलेलं नाही.