'सेट'चा नकाशा : सूर्याचा कर्ता सापडला

इंग्रजी 'सेट' (set) या शब्दाचे अनेक अर्थ एकमेकांतून कसे निघाले याचा झाडासारखा नकाशा मी काढतोय, एकेका अर्थाचं एकेक कार्ड करून. मागच्या नोंदीत या झाडाला दोन खोडं आहेत इथवर आलो होतो. एक जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या स्वतःच्या घराण्यातलं, 'बसवणे' या अर्थाचं. दुसरं लॅटिन 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आलेलं, समूहाच्या अर्थाचं. त्यानंतर सगळं काम एकाच जागी अडून होतं. काल रात्री ती गाठ सुटली, म्हणून ठरलेला 'सेट अप'चा भाग बाजूला ठेवून आधी हे लिहितोय.

गाठ होती कर्त्याची. 'सेट' हे 'सिट'चं (sit) प्रयोजक, म्हणजे करवण्याच्या अर्थाचं रूप: जुन्या इंग्रजीत 'सिटन' म्हणजे बसणे, 'सेटन' म्हणजे बसवणे. म्हणजे कुणीतरी कशाला तरी बसवायला हवं. पहिल्या खोडाच्या बहुतेक फांद्या हे निमूट पाळतात. अंगठीत खडा बसवा, निखळलेलं हाड बसवा, छपाईचे खिळे जुळवा, गजर लावा, तारीख ठरवा, प्रश्नपत्रिका काढा. सगळीकडे करणारा समोर दिसतो. पण सूर्य 'सेट' होतो तेव्हा त्याला बसवतं कोण? जेली आणि सिमेंट आपोआप 'सेट' होतात, थंडी 'सेट इन' होते, प्रवासी 'सेट आउट' करतात. ही सगळी कार्डं कर्त्याविना पडून होती. त्यांना 'इतर' नावाच्या टोपलीत टाकायची माझी तयारी नव्हती. 'इतर' असलेला अर्थनकाशा मला अपुरा वाटतो.

वर्डनेट या इंग्रजीच्या संगणकीय शब्दकोशाकडे गेलो. तिथे या क्रियापदाचे २५ अर्थ नीट वेगळे केलेले आहेत, पण ते अर्थांचे गट दाखवतं, वंशावळ नाही. आपल्या कामाला वंशावळच हवी. मग अँटकॉन्क या मजकुरात शब्द शोधून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये माझा जुन्या इंग्रजी मजकुरांचा संग्रह उघडला आणि 'सेट'च्या लगेच पुढे 'स्वतःला' दाखवणारं सर्वनाम येतं अशा ओळी वेगळ्या काढल्या. (अँटकॉन्क फुकट आहे, हलकं आहे, आणि उजवीकडच्या शब्दांनुसार ओळी लावून देतं. या छंदात नव्याने येणाऱ्याने दुसरं काही घेण्याआधी तेच घ्यावं.) ओळी वाचताना चित्र उलगडत गेलं: माणूस स्वतःला कामाला बसवतो, स्वतःला वाटेला लावतो. यातलं 'स्वतःला' पुढे गळून पडलं की उरतं 'सेट अबाउट', 'सेट आउट'. कर्ता हरवलेला नव्हताच. बसवणारा आणि बसणारा एकच होता.

सूर्यासाठी मात्र उत्तरेकडे जावं लागलं. आइसलँडिकमध्ये कुणी खुर्चीत बसलं तरी 'स्वतःला बसवणे' हेच आत्मवाचक रूप येतं, आणि सूर्य मावळला तरी तेच. जुन्या इंग्रजीतही सूर्यास्ताचा शब्द 'आसनाकडे जाणे' अशाच बांधणीचा आहे. त्यामुळे सूर्याचं कार्ड मी आता आत्मवाचक फांदीवर लावलंय आणि शेजारी नॉर्सच्या, म्हणजे आइसलँडिक जिच्यातून आली त्या जुन्या भाषेच्या, प्रभावाची तुटक रेघ काढलीय.

आणि मग आपल्याच भाषेने हात दिला! इंग्रजी 'सेट' आणि संस्कृत 'सादयति' ही एकाच मूळ प्रयोजक रूपाची दोन भावंडं. 'सद्' धातू, 'सीदति' म्हणजे बसतो, 'सादयति' म्हणजे बसवतो. सदन, परिषद, उपनिषद हे सगळं त्याच घराण्यातलं. पण 'सीदति'चा अर्थ बसण्यावर थांबत नाही, खचणे आणि बुडणे हेही त्यात येतं. विषाद आणि अवसाद तिथूनच निघाले. बसणे ते खाली जाणे ही वाट या घराण्यात जुनी आहे. मराठी 'बसणे' वेगळ्या धातूचं, 'उपविश्'चं, तरी तेही याच वाटेने गेलंय: भिंत बसते, घसा बसतो, गाळ तळाशी बसतो. सूर्य आणि सिमेंट एका फांदीवर कसे, ही माझी शंका या तीन उदाहरणांनी मिटवली. एक खाली जाऊन स्थिरावतो, दुसरं जागच्या जागी.

इंग्रजीत 'सिट' आणि 'सेट' यांची सरमिसळ बोलीत फार जुनी आहे, आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीलाही अमेरिकेत 'सेटिंग हेन' म्हणतात. मराठीत ती खुडूक 'बसते', तिला अंड्यांवर आपण 'बसवतो'. दोन रूपं आपल्याकडे स्पष्ट राहिली हे किती सोयीचं आहे!

दुसऱ्या खोडाचं थोडक्यात. भांड्यांचा सेट, गणितातला संच, व्यायामातला सेट तिथे सहज बसले. टेनिसचाही तिथेच ठेवला, कारण तो गेम्सचा समूह आहे. नाटकाचा सेट पहिल्या खोडावर, कारण तो मांडलेला असतो. रेडिओ सेटला मात्र दोन पालक हवेत: जुळवलेले भाग, आणि भागांचा समूह. मी वापरत होतो त्या माइंडमॅपच्या प्रोग्रॅममध्ये एका चौकटीला एकच पालक देता येतो, आणि अर्थांच्या कामाला ती अट जाचक आहे. म्हणून सगळं ग्राफविझ या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हलवलं. साध्या मजकुराची फाइल, हव्या तितक्या रेघा, आणि मांडणी तोच करतो. सुरुवातीला रुक्ष वाटतं, पण दोन्ही खोडांमधल्या आडव्या रेघा पहिल्यांदा दिसल्या तेव्हा फार आनंद झाला.

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत या क्रियापदाला ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्द दिले होते, तेव्हा माझा नकाशा अजून विरळच आहे. पुढे 'सेट अप', 'सेट ऑफ' घ्यायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, आधी 'सिट'चं झाड शेजारी उभं करावं आणि दोघांतल्या देवाणघेवाणीला वेगळा रंग द्यावा. तसं केलं तर 'लाय–ले' (lie–lay, आडवं होणे–आडवं ठेवणे) आणि 'फॉल–फेल' (fall–fell, पडणे–पाडणे) या जोड्याही घ्याव्या लागतील. झाड पडणे आणि झाड पाडणे, अगदी आपल्यासारखंच. 'फेल'पासून सुरू करतो, ते लहान आहे. जुन्या मजकुरातल्या 'फेल'च्या ओळी कुणी आधीच निवडून ठेवल्या असतील तर कळवा. 'फॉल'चा भूतकाळही 'फेल'च लिहितात, त्यामुळे त्या हाताने वेगळ्या कराव्या लागणार आहेत.