यकृताची बायोप्सी आणि 'मद्यपान करत नाही' असा दाखला

कावीळ म्हणून सुरू झालेले माझे दुखणे ऑटोइम्यून हिपॅटायटिस असावे, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली असावी, हे रक्ततपासण्यांवरून आठवड्याभरात जवळपास कळले होते. यकृताला झालेली इजा दाखवणारे एएलटी ६१२, आयजीजी या प्रतिपिंडांचे प्रमाण बरेच वाढलेले, स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची एएनए तपासणी पॉझिटिव्ह. राहिली होती ती बायोप्सी, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणे, आणि तिथेच माझे अठरा दिवस गेले.

बायोप्सीसाठी दिवसभर दाखल व्हावे लागते, म्हणून कॅशलेस मंजुरीचा अर्ज केला, तर टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने, उत्तरादाखल हा आजार मद्यपानामुळे झालेला नाही असे डॉक्टरांचे पत्र मागितले. बावीस वर्षे शाळेत शिकवून झाल्यावर हे ऐकावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही. पत्र दिले, तर त्यावर नोंदणी क्रमांक नाही म्हणून ते परत आले. क्रमांक घालून पाठवले, तर आजार पॉलिसीच्या आधीचा नाही कशावरून, अशी नवी विचारणा आली. या आजारावर देतात त्या स्टेरॉइडने बायोप्सीतले चित्र बदलू शकते, म्हणून डॉक्टर औषध सुरू करत नव्हते आणि माझे डोळे पिवळेच होते. शेवटी मी स्वतःचे पैसे भरून बायोप्सी करून घेतली. पहिल्याच भेटीत केसपेपरवर 'मद्यपानाचा इतिहास नाही' ही नोंद, सही आणि नोंदणी क्रमांकासह, मागून घ्यावी.

अहवालात सिरोसिस, म्हणजे यकृत कायमचे व्रण होऊन कडक होणे, नव्हता, त्यामुळे ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचाही विचार झाला. त्याचे दुष्परिणाम कमी असतात, पण सिरोसिसमध्ये ते देत नाहीत. कावीळ पाहून डॉक्टरांनी मात्र प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम निवडले आणि दोन आठवड्यांनी प्रतिकारशक्ती दाबणारे ॲझाथायोप्रिन ५० मिलिग्रॅम जोडले. त्याआधी एनयूडीटी१५ या जनुकाची तपासणी झाली, कारण आशियाई लोकांत आढळणाऱ्या त्यातील बदलांमुळे या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. हे औषध सोसले नाही, तर मायकोफेनोलेटचा पर्याय असतो, पण गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांना ते चालत नाही.

आधीच सांगायला हवे होते ते आता आठवले: स्टेरॉइडपूर्वी हिपॅटायटिस बी ची कोअर अँटिबॉडीही (हा संसर्ग कधी होऊन गेल्याची रक्तातली खूण) तपासून घ्यावी, कारण दबलेला विषाणू या औषधांनी पुन्हा जागा होऊ शकतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही तेव्हाच करावी.

पाचव्या महिन्यात एएलटी ३१ वर आले, तरी औषधे निदान दोन-तीन वर्षे चालतील. बायोप्सीच्या पैशांच्या दाव्यावर परवा विचारणा आली; मद्यपानाचे पत्र पुन्हा हवे आहे.